फळ्यावर तुझंच नाव

प्रदीप, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी माइकवर खोटं बोललो. तू तिथे असतास तर हसला असतास. म्हणजे पूर्वीचा तू. शेवटची चार-पाच वर्षं तुझा चेहरा हसायचाच बंद झालेला. तू हसलास की नाही ते तुझ्या डोळ्यांजवळ जाऊन बघावं लागायचं.

विठ्ठलवाडीच्या विहाराशेजारचा हॉल भरला होता. बुद्धवंदना झाली आणि मग नेहमीसारखे एकेक जण उठून तुझ्याविषयी दोन शब्द बोलायला लागले. तुझा चुलतभाऊ बाळू म्हणाला, कंपवात घराण्यातच होता, काकांचाही हात कापायचा, रक्तात असलं की माणूस काय करणार. त्याच्यानंतर मी उठलो. घरून कागदावर लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. मी म्हणालो, "बाळू बोलला ते खरं आहे. रक्ताने जे दिलं ते माझ्या मेव्हण्याने तक्रार न करता सोसलं." लोकांनी माना हलवल्या. पुढच्या रांगेत माझी बहीण, तुझी वंदना बसली होती, तिच्या शेजारी तुमची लेक स्नेहल. मी 'रक्ताने' म्हणालो तेव्हा स्नेहलने मांडीवरचे आपले दोन्ही हात पालथे केले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. बोटं कापतात का ते बघत होती.

खाली बसलो. कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला. "छान बोललास," बाळू म्हणाला.

तुला जाऊन आज वीस दिवस झाले. मी कमी बोलणारा माणूस, तुला माहीत आहे. तू म्हणायचास, सुध्याच्या तोंडातून शब्द काढायला पाना लागतो. आता बसून लिहितोय. तुझ्याशी बोललो नाही तर कुणाशीच बोलता येणार नाही, एवढंच कळतं.

तू कंपनीत आलास तो दिवस मला साबणाच्या डबीमुळे आठवतो. कळव्याच्या मैदानावर कबड्डीत तू माझा पाय धरून मला आडवं पाडलं होतंस, तेव्हापासूनची आपली ओळख. डोंबिवलीच्या कंपनीत मी तीन वर्षं आधी लागलेलो. जागा निघाली तेव्हा साहेबांकडे तुझं नाव मीच टाकलं. पहिल्या दिवशी शिफ्ट संपली, कटिंग ऑइलने आपले हात कोपरापर्यंत काळे, आणि तू पिशवीतून गुलाबी प्लास्टिकची डबी काढलीस. आत लिंबाच्या वासाचा नवा कोरा साबण. आईने दिला म्हणालास.

मी म्हणालो, "सहलीला आलायस का रे? टॉवेल पण आणलायस?"

टॉवेलही आणला होतास. सगळं डिपार्टमेंट हसलं.

"साबणाने अर्धा तास घासशील नि तरी नखं काळीच राहतील," मी म्हणालो. "ये इकडे." तुला मी टँकजवळ नेलं. पितळी पार्टवरचं तेल काढायचा तो टँक. खाली तापत असायचा, वर वाफ धुक्यासारखी लोंबायची. पार्टची जाळीची टोपली त्या वाफेत सोडायची, वर घेतली की लख्ख. डब्यावर लांबलचक नाव होतं, ते कुणी वाचत नसे, आम्ही सगळे 'ट्राय' म्हणायचो. टँकमधलं थोडं काढून बादलीत गार करून ठेवलेलं असे, हात धुवायला. मी त्यात हात बुडवून दाखवले. एका मिनिटात पांढरेफटक. मग तू बुडवलेस.

"मस्त गार लागतंय," तू म्हणालास. आणि थोड्या वेळाने, "सुध्या, डोकं गरगरतंय रे. गोड गोड वास येतोय."

"पहिल्या दिवशी सगळ्यांचं गरगरतं," मी म्हणालो. "सवय होते."

साबणाची डबी तू लॉकरमध्ये ठेवून दिलीस. पुन्हा कधी बाहेर काढली नाहीस. सगळे तसेच हात धुवायचे. मीही. बाटलीत भरून घरी न्यायचो आपण, शर्टावरचे तेलाचे डाग काढायला. वंदना तेव्हा कॉलेजात होती, मी बाटली आणली की नाक दाबून गॅलरीत पळायची. पुढे तिचं तुझ्याशी लग्न झालं तेव्हा ती म्हणाली होती, एका घरातला वास सोडून दुसऱ्या घरात गेले तर तिथेही तोच. लग्नानंतर तू मला लोकांत 'दादा' म्हणायला लागलास. एकटे असलो की सुध्या. मला ते आवडायचं. कधी सांगितलं नाही.

मी लाइन इन्चार्ज झालो ते स्नेहल शाळेत जायला लागली त्या वर्षी. टँकवर उभं राहायला कुणाला आवडत नसे. डोकं जड होतं, उन्हाळ्यात तर मळमळतं. म्हणून जुनी रीत होती, दर सोमवारी फळ्यावर नाव लिहायचं, आठवड्याला एक माणूस. सहा जणांत फिरतं. फळा आता माझ्या हातात आला.

एकदा तुझा आठवडा संपला आणि म्हात्रेचा सुरू व्हायचा होता. कळव्याच्या मिठागरवाल्यांच्या घरातला म्हात्रे, बोलायला फटकळ. तो नाक मुरडायला लागला तेव्हा तू म्हणालास, "दे, मी थांबतो अजून एक आठवडा. मला त्याचा वास येत नाही आता."

"बघ, सवय झाली," मी म्हणालो. मला बरं वाटलं. सोमवारची कटकट गेली. पुढच्या सोमवारी मी तुझंच नाव ठेवलं. त्याच्या पुढच्याही. मग पुसून परत लिहायचंही सोडून दिलं. मधे माझीही पाळी येऊन गेली असती. इन्चार्ज झालो तरी पाळी चुकत नव्हती. ती मी तुझ्या नावाखाली ढकलली.

म्हात्रे एकदा जेवताना म्हणाला, "सायेब, आमचा नंबर कदी येनार? का मेवन्याला टँक लग्नात दिलाव?" सगळे हसले. तू सगळ्यांत जास्त. "असू दे रे," तू म्हणालास, "तिथे कुणी फिरकत नाही. मला मोठ्याने गाणी म्हणता येतात." आणि खरंच म्हणायचास. लांबून ऐकू यायचं, भीमगीतं, जुनी पिक्चरची गाणी, मधेच टोपलीचा आवाज. सात वर्षं, प्रदीप. एक-दोन महिने इकडेतिकडे. मग कंपनीने तो टँक काढला, साबणाच्या पाण्याने पार्ट धुवायचं मशीन आलं आणि टँकची गोष्ट संपली, असं मला वाटलं.

तुला वास येत नाही, याचा अर्थ मी एकच घेतला. घरी वंदनाने एकदा सांगितलेलं, "दूध उतू जाऊन करपून काळं झालं, नि हे शेजारी बसून पेपर वाचतायत. मी बाहेरून आले तर जिन्यात वास." आपण तेव्हाही हसलो. जवळा भाजला तरी तुला कळत नसे. झोपेत तू लाथा मारायला लागलास, एका सकाळी वंदनाच्या हातावर निळा डाग, आणि तू म्हणालास, स्वप्नात रेड टाकत होतो. मीच म्हणालो, "कबड्डी सोड आता, बायको आउट होईल." या सगळ्या चाहुली होत्या म्हणे. हात कापायच्या कित्येक वर्षं आधी येतात. हे मी नंतर वाचलं. वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

पहिल्यांदा स्नेहलला दिसलं. दहावीत होती. कल्याणला कपडे घ्यायला गेलेलो आपण सगळे, ती मागून चालत होती, म्हणाली, "पप्पा, तुमचा एक हात चालतच नाही. दुसराच हलतो." तू हात हलवून दाखवलास. चार पावलांनी परत तो शरीराला चिकटला. मग तुझी सही बारीक होत गेली. पगाराच्या कागदावर आधी ऐसपैस 'प्रदीप', नंतर मुंगी चालल्यासारखी ओळ. मग मांडीवर ठेवलेला उजवा हात आपला आपण हलायला लागला, अंगठा नि बोट, विडी वळल्यासारखं. तू सेहेचाळीसचा होतास.

ठाण्याच्या त्या डॉक्टरबाईंकडे मीच तुम्हाला घेऊन गेलो. खोपटच्या डेपोजवळचा दवाखाना, पहिला मजला. तीन खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीत तू, एका बाजूला वंदना, दुसऱ्या बाजूला मी. बाईंनी तुला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, हात धरून मनगट फिरवून बघितलं. मग लिहिता लिहिता विचारलं, "काम काय करता? केमिकल वगैरेशी संबंध? सॉल्व्हंट, कीटकनाशकं, वेल्डिंग?"

तुझं बोलणं तोवर हळू झालं होतं. तुला सुरुवात करायला वेळ लागायचा. त्या वेळात मी म्हणालो, "नाही नाही. पॅकिंगला असतात."

ते खोटंही नव्हतं. त्या वर्षी तू पॅकिंगलाच होतास.

बाईंनी लिहून घेतलं. विचारलं, घरात कुणाला? मी म्हणालो, "वडिलांना होतं. हात कापायचा." त्यांनी तेही लिहून घेतलं.

का बोललो तसं? नोकरी जाईल म्हणून नाही, टँक तर कधीच गेला होता. मला फक्त तो फळा दिसला. 'टँकवर होते' असं म्हटलं असतं तर वंदनाने तिथेच मान वळवून विचारलं असतं, ह्यांना सात वर्षं तिथे ठेवलं कुणी? मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघत होतास. तुझा चेहरा तेव्हाच घट्ट व्हायला लागला होता. रागावलास, की तुला ऐकूच नीट आलं नाही, की माझी कीव आली, काही कळेना. दहा वर्षं मी तो चेहरा आठवून बघतोय.

त्यानंतर मी कारणं शोधत सुटलो. टँक सोडून सगळी. कबड्डीत डोकं आपटलं होतं ते. गावच्या विहिरीचं पाणी. कंपनीच्या मागचा तो रंगीत नाला. तुझी झोप, शिफ्टनंतर जेवून लगेच आडवं होणं. "व्यायाम नाही म्हणून होतं हे," मी तुला सुनवायचो. सात वर्षं तुला वाफेत उभं करणारा माणूस तुला अक्रोड आणून देत होता. फोनवर हळदीचे सल्ले पाठवत होता. तू एकदा चिडलास. शब्द जुळवत जुळवत म्हणालास, "सुध्या, तू डॉक्टर कधी झालास?" मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठी. तो वाद आपण पुरा केलाच नाही.

आणि वडिलांचा हात. तेच कारण सगळ्यांना पटलं, कारण मी ते सगळ्यांना सांगितलं. पण प्रदीप, मी तुझ्या वडिलांना पाहिलं होतं. त्यांचा हात कप उचलला की कापायचा, चहा बशीत सांडायचा. मांडीवर ठेवला की शांत. तुझा उलटा होता. मांडीवर असला की कापायचा आणि कप धरलास की, निदान सुरुवातीला, थांबायचा. हा फरक दिसायला डॉक्टर लागत नाही. मला दिसला होता. मी कुणाला बोललो नाही.

तू मात्र लढलास. रोज सकाळी विठ्ठलवाडीहून कल्याणच्या पुलापर्यंत चालत जायचास. पाय जमिनीला चिकटला की तोंडाने 'कबड्डी कबड्डी' म्हणायचास आणि त्या तालावर पाऊल सुटायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, चालणं सोडलं नाही म्हणूनच एवढी वर्षं उभे आहेत. रस्त्यावरची पोरं हसायची. तू त्यांना हात करायचास.

मग स्नेहलचं लग्न ठरत आलं. मुलगा उल्हासनगरचा, तिच्या ऑफिसमधलाच, दोघांची पसंती. तिनेच त्याला थांब म्हणून सांगितलं. मला तिने फोन केला होता. "मामा, माझ्यात पण असणार ना ते? मी वाचलंय, अर्धं अर्धं असतं. आजोबा, पप्पा, मग मी. त्याला का फसवू?"

मी काय म्हणालो असेन? "देव... म्हणजे, सगळं नीट होईल," असं काहीतरी. वंदनाने नंतर सांगितलं, पोरगी रोज सकाळी चहाचा कप नाकाशी धरते. डोळे मिटून वास घेते. वास आला की पिते. आधी वंदनाला वाटलं, नवीन काही खूळ आहे.

तू शेवटचं जे माझ्याशी नीट बोललास ते त्याबद्दलच. मी रविवारी आलो होतो, तुला खुर्चीत उशा लावून बसवलं होतं. आवाज एवढा खाली गेलेला की कान तुझ्या तोंडापाशी न्यावा लागला. म्हणालास, "पोरीला मी काय दिलं रे, सुध्या." चेहरा तसाच, दगडासारखा. डोळ्यांतून पाणी मात्र येत होतं. चेहरा न हलवता माणूस रडू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. तू ऐकू शकत होतास. खोलीत आपण दोघंच होतो. मी तुझं तोंड पुसलं आणि म्हणालो, "जास्त विचार करू नको."

दोन महिन्यांनी घास श्वासात गेला, न्यूमोनिया झाला आणि तू गेलास. मनात ते घेऊन गेलास. पोरीला आपण आजार दिला, असं समजून.

म्हणून हॉलमधून घरी आल्यावर मला बसवेना. कपाटाच्या वरच्या खणातून तुझी गुलाबी डबी काढली. तू नोकरी सोडलीस तेव्हा तुझा लॉकर मीच रिकामा केला होता. बाकी सगळं वंदनाकडे दिलं, ही ठेवून घेतली. का, ते नाही सांगता येत. फळ्यावरचं तर सगळं खडूचं होतं, पुसून गेलेलं. कुणाला दाखवावं असं माझ्याकडे एवढंच उरलंय.

मंगळवारी गेलो विठ्ठलवाडीला. वंदनाने चहा ठेवला. स्नेहल घरून काम करत होती, लॅपटॉप मिटून बाहेर आली. मी डबी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पहिला दिवस, बादली, फळा, सात वर्षं, 'पॅकिंगला असतात'. मधे थांबलो नाही. थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं.

वंदनाने डबीवरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "दर सोमवारी नाव बदलायचं होतं ना?"

"हो."

"मग बदललं का नाहीस, दादा?"

"सोपं होतं म्हणून," मी म्हणालो. "त्याचं नाव तिथेच ठेवणं सोपं होतं."

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला नाही, नळ सोडल्याचा आला नाही. नुसती आत गेली.

स्नेहलने डबी उघडली. साबणाला बारीक भेगा पडलेल्या, कडा कोरड्या. तिने नाकाशी धरला. मग मला म्हणाली, "मामा, तू पण त्यात हात धुवायचास ना?"

"धुवायचो."

"डोळे मिट." मी मिटले. तिने काहीतरी माझ्या नाकाखाली धरलं. "काय येतंय?"

"लिंबू," मी म्हणालो. अगदी पुसट, पण येत होता. इतक्या वर्षांनी.

"मला पण," ती म्हणाली.

मी डोळे उघडले नाहीत लगेच. तू दोन हात अंतरावर, भिंतीवरच्या फोटोत होतास. एकाच बादलीत आपण दोघांनी हात बुडवले, प्रदीप.

ती रागावली नाही, असं नाही. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मी सात महिने त्याचा फोन घेतला नाही. तुला माहीत होतं." मी हो म्हणालो. "गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेते. तू यायचं. तू बोलायचं, मी नाही."

काल गुरुवार होता. तोच पहिला मजला, त्याच तीन खुर्च्या. वंदनाही आली होती. मधल्या खुर्चीत स्नेहल. डॉक्टरबाईंचे केस पांढरे झालेत. त्यांनी तुझी जुनी फाइल काढली आणि मी म्हणालो, "त्यात कामाबद्दल लिहिलंय ते चूक आहे. मी चुकीचं सांगितलं होतं." मग टँकचं सांगितलं. त्यांनी वास कसा होता विचारलं, किती तास, किती वर्षं, हातमोजे होते का. तुझ्या वडिलांचा हात केव्हा कापायचा ते विचारलं. मी कपाचं सांगितलं, मांडीचं सांगितलं. त्या लिहीत होत्या.

मग पेन ठेवून स्नेहलला म्हणाल्या, "आजोबांचा तो कंप वेगळा असावा. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना असतो, त्याचा हा आजार होत नाही. आणि अर्धं अर्धं तू वाचलंस ते मेंदूच्या दुसऱ्याच एका आजाराचं. बाबांच्या आजारात नुसत्या रक्तावर ठरतं असे थोडे असतात. बाकीच्यांत रक्त, काम, हवापाणी, वय, सगळं थोडं थोडं मिळून येतं. तसल्या द्रावणावर वर्षानुवर्षं काम केलेल्यांत तो जास्त दिसतो, हे आता माहीत आहे. पण तुझ्या बाबांना त्याच्यामुळेच झाला, असं मी लिहून देऊ शकत नाही. कुणीच देऊ शकणार नाही. तुला काहीच धोका नाही असंही म्हणत नाही, कारण त्यांना लवकर झाला. पण तू ज्या भीतीने जगतेयस तेवढा तर नक्की नाही. हवी तर रक्ताची तपासणी आहे, ती नीट समजून घेऊन कर. आणि चालत जा रोज. बाबा चालायचे तशी."

मी विचारलं, "तेव्हा खरं सांगितलं असतं तर?"

"औषधं हीच दिली असती," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, हे ऐकून थोडं हलकं वाटेल. मग विचारलं, "आणि मला का नाही झालं?"

"ते नाही सांगता येत," त्या म्हणाल्या, आणि बेल वाजवून पुढच्या माणसाला बोलावलं.

खाली डेपोसमोर रिक्षाची रांग होती. स्नेहल थोडी पुढे जाऊन फोनवर बोलत होती. पाठमोरी होती, कुणाशी ते मला कळलं नाही, पण एका हाताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. वंदना माझ्या शेजारी उभी. ती समोर एसटीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी मी सांगणार होते."

"काय?"

"टँकचं. मला काय माहीत नव्हतं का? इतकी वर्षं ह्यांचे कपडे मीच धुतले. कुणी ठेवलं ते माहीत नव्हतं, पण कुठे असतात ते माहीत होतं. तू पॅकिंग म्हणालास तेव्हा मी तोंड उघडलेलं." ती थांबली. "ह्यांचा हात माझ्या हातावर होता. त्यांनी तो दाबला. मला वाटलं, कापतोय."

रिक्षा आली. त्या दोघी बसल्या. मला ये म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी तिथेच राहिलो.

प्रदीप, तेवढं एक मला सांग. मी दहा वर्षं तुझ्या चेहऱ्यात शोधत बसलो आणि ते तुझ्या हातात होतं. तू तो दाबलास, की नुसता कापला?